मधल्या सुट्टीत मुलं पोटभर आणि आनंदानं जेवावीत यासाठी काय करता येईल?

पारोळा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेतल्या ताईंनी विचारलं आहे: "शाळा पहिली ते सातवी, पट एकशे ऐंशीच्या घरात. पोषण आहाराच्या वेळी रोज ढकलाढकली होते, लहान मुलं मागे राहतात. मोठी मुलं निम्मं अन्न ताटात टाकून खेळायला पळतात. काही मुलं घरून डबा आणतात आणि बाजूला बसतात. आम्ही शिट्टी घेऊन उभे असतो, पण त्यानं सगळं आणखीच रुक्ष होतं. मुलांना ही वेळ आवडावी म्हणून काय करावं?"

ताई, माझी नोकरी चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी सुरू झाली आणि पुढे अमळनेरकडच्या शाळांमध्ये मुख्याध्यापक म्हणून गेली. लहान पटाच्या पाड्यावरच्या शाळा पाहिल्या, तीनशेच्या वर पट असलेली शाळाही चालवली. तुमच्या चार तक्रारींच्या मुळाशी मला एकच गोष्ट दिसते. तुमच्या मुलांची सुट्टी वाट बघण्यात जाते आहे. भुकेलं मूल उभं राहून कंटाळलं की ढकलतं. खेळायला वेळ उरणार नाही ही धास्ती असली की ते बकाबका खातं, नाहीतर अर्धं टाकून पळतं. यावर शिस्त वाढवत नेली तर तुमचा घसा बसेल आणि मुलं आहेत तिथेच राहतील. वाट बघणं कमी करा, बसून खायला पुरेसा वेळ द्या आणि ताटात किती घ्यायचं यात मुलाला थोडा अधिकार द्या. माझ्या अनुभवात बाकीचं त्यामागून येतं.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे आधी मान्य करतो. पाणी किती येतं, बसायला शेड आहे की नुसती पडवी, स्वयंपाक शाळेत होतो की बाहेरून तयार अन्न येतं, शिक्षक किती, यावर उत्तर बदलतं. चाळीस पटाची शाळा एका ओट्यावर घरासारखी जेवते. तुमच्या पटाला थोडी आखणी लागेल. शाळेत चूल किंवा गॅस आहे आणि मावशी तिथेच स्वयंपाक करतात असं धरून लिहितो.

पहिल्यांदा काहीही बदलू नका, फक्त बघा. एखाद्या दिवशी कुणाला न सांगता दुसरीतल्या एका मुलावर नजर ठेवा. घंटा कधी झाली, हात धुवून कधी आला, रांगेत कधी लागला, ताट कधी मिळालं, पहिला घास कधी घेतला, शेवटचा कधी, ताट धुवून मोकळा कधी झाला, सगळं घड्याळ लावून लिहा. चाळीस मिनिटांच्या सुट्टीत ते मूल प्रत्यक्ष दहा मिनिटंसुद्धा जेवत नाही असं निघालं तर नवल वाटून घेऊ नका. लहान मुलाला ताटावर बसल्यापासून निखळ वीस मिनिटं मिळायला हवीत. तेवढी मिळत नसतील तर ती कुठे गळतात ते या कागदावर दिसेल. स्टाफ मीटिंगमध्ये हाच कागद ठेवा. "मुलं फार दंगा करतात" यावर वाद होतो, मिनिटांवर होत नाही.

बहुतेक शाळांत पहिली गळती नळावर सापडते. साधा हिशोब करा. हात नीट धुवायला वीस सेकंद लागतात. एकशे ऐंशी मुलं आणि एकच नळ म्हणजे पूर्ण एक तास. सहा नळ असतील तर दहा मिनिटं. म्हणून बऱ्याच शाळांत मुलं हात न धुताच रांगेत येतात आणि आपण त्यांनाच बेशिस्त म्हणतो. नवे नळ बसवायला पैसे नसतील तर दीड इंची पीव्हीसी पाइप घ्या, त्याला वीत-दीड वीत अंतरावर छिद्रं पाडा, एक टोक टाकीच्या व्हॉल्व्हला जोडा, दुसरं बंद करा आणि लहान मुलांच्या कमरेच्या उंचीवर भिंतीला क्लॅम्पनं बसवा. गावातला प्लंबर अर्ध्या दिवसात करून देतो. साबणाची वडी कांद्याच्या जाळीदार पिशवीत बांधून पाइपला टांगली की ती घसरून मातीत पडत नाही आणि कुणी पळवतही नाही. एका ओळीतली सगळी मुलं आधी थेंबभर पाण्यावर साबण चोळतात, मग एक मोठा मुलगा व्हॉल्व्ह उघडतो आणि सगळ्यांचे हात एकदम धुतले जातात. पाणी कमीच लागतं. हे सांडपाणी नाली काढून परसबागेत सोडा. मार्चनंतर आपल्याकडे टँकरवर दिवस काढायची वेळ येते तेव्हा पाइप बंद ठेवून तांब्यानं पाणी घालायची पाळी लावा, पण हात धुणं सोडू नका.

दुसरी गळती वाढण्याच्या जागी असते. एक भगोनं, एक मावशी आणि समोर सगळी शाळा रांगेत, ही रचनाच मोडा. मुलांना आधी बसू द्या आणि अन्न त्यांच्यापर्यंत जाऊ द्या. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत पाचशे माणसं अर्ध्या तासात जेवून उठतात, कारण पाहुणे बसलेले असतात आणि वाढपी फिरतात. टाटपट्ट्या समोरासमोर दोन-दोन ओळींत टाका, मधे वाढप्याला जायला वाट ठेवा. सहावी-सातवीच्या मुलामुलींचे गट करा आणि आठवड्याला एक गट वाढायला ठेवा. भाताचे दोघं, वरण-उसळीचे दोघं, पाण्याचे दोघं, अशा दोन टोळ्या दोन्ही टोकांनी निघाल्या की सात-आठ मिनिटांत सगळ्यांना वाढून होतं.

इथे तीन गोष्टींकडे कडक लक्ष द्या. उकळतं वरण मुलांच्या हाती कधीच द्यायचं नाही. मावशींनी थोडं निवल्यावर छोट्या बादलीत पाव भाग भरून द्यायचं, मोठं पातेलं मुलांनी उचलायचंच नाही. वाढपी गटासाठी अन्न आधी बाजूला झाकून ठेवायचं, नाहीतर वाढणारी मुलं तळाची खरवड खातात आणि पुढच्या आठवड्यात कुणी वाढायला तयार होत नाही. आणि वाढायला मुली, पाणी ओढायला मुलगे अशी वाटणी होऊ द्यायची नाही. सातवीतला मुलगा पळी घेऊन पहिलीतल्या पोरीसमोर वाकतो आणि "आखो (आणखी) वाढू का?" म्हणून विचारतो, ते त्याच्यासाठीही शिक्षणच आहे. जपानमध्ये शाळेच्या जेवणाचा कायदा १९५४ चा आहे. तिथे आजही मुलंच वर्गात अन्न आणून एकमेकांना वाढतात आणि वर्गशिक्षक त्यांच्याबरोबर तेच अन्न जेवतात. आपल्या पंगतीत हे सगळं आधीपासूनच आहे, फक्त शाळेत आलं की आपण रांग लावतो.

पहिली-दुसरीला दहा मिनिटं आधी सोडा. आपल्याकडे कापूस वेचणीच्या किंवा निंदणीच्या दिवसांत आईबाप सकाळी सातलाच शेतात जातात. मूल चहा आणि खारी खाऊन, कधी तेही न खाता शाळेत येतं. साडेबाराला पहिलीतलं मूल रडकुंडीला आलं असेल तर ते हट्टी नसतं, उपाशी असतं. त्याला सातवीच्या मुलांशी रांगेत स्पर्धा करायला लावणं योग्य नाही.

आता अन्न टाकण्याबद्दल. हा भाग मी जरा सविस्तर लिहितो, कारण यावर मुलांना सगळ्यात जास्त बोलणी बसतात. योजनेत पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ, ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं धरली आहेत, तर सहावी ते आठवीसाठी १५० ग्रॅम तांदूळ, ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिनं. शंभर ग्रॅम तांदूळ शिजला की त्याचा अडीच-तीनशे ग्रॅम भात होतो. वर डाळ, भाजी. एवढं सगळं एकदम पहिलीतल्या मुलाच्या ताटात पडलं की ते घाबरतं. आपण हिशोबानं बरोबर वाढलेलं असतं आणि मुलानं हिशोबानं टाकलेलं असतं. उलट मोठी मुलं ताट शिगोशीग भरून घेतात, कारण दुसऱ्यांदा मिळेल याची त्यांना खात्री नसते. दोन्हीवर उपाय एकच. पहिल्यांदा सगळ्यांना थोडं वाढा आणि दुसरी फेरी हमखास निघते हे रोज, न चुकता दाखवा. पहिला आठवडा मोठी मुलं जोरात मागतील. दुसरी फेरी खरंच येते हे पटलं की मागणी शांत होते. दुसऱ्या फेरीत लहान मूल "थोडंच" म्हणालं तर थोडंच वाढा. कोण किती खातं यावर वाढप्यांनी शेरे मारायचे नाहीत, हे त्यांना आधी बजावून सांगा. जाड मुलाला "अजून?" आणि बारक्याला "एवढंसंच?" हे दोन शब्द मुलाचं जेवण बिघडवायला पुरतात.

"संपवल्याशिवाय उठायचं नाही" हा नियम तुमच्या शाळेत असेल तर तो काढून टाका. अन्नाचा मान राखायला शिकवणं वेगळं आणि नको असलेला घास गिळायला लावणं वेगळं. दमदाटीनं खाल्लेली भाजी मुलाच्या डोक्यात कायमची नावडती होते. नवा पदार्थ आठ-दहा वेळा समोर आला, शेजारचा मित्र खाताना दिसला, आणि चाखायचा का नाही हे मुलावरच सोडलेलं असलं, तर मूल कधीतरी एक घास घेतं. काय वाढायचं, कधी आणि कुठे, हे मोठ्यांनी ठरवायचं. खायचं का आणि किती, हे मुलाला ठरवू द्यायचं. ताटात टाकलेलं अन्न एका बादलीत जमा करा आणि काय उरतंय ते रोज स्वतः बघा. ती बादली मुलांना लाजवायला वापरू नका. तुम्हाला आणि मावशींना ती बरंच काही सांगते.

एका शाळेत मटकीच्या उसळीच्या दिवशी ही बादली हमखास भरायची. शिक्षक म्हणत, पोरांना कडधान्य आवडतच नाही. मी पंगतीत बसलो असताना दुसरीतला एक मुलगा मटकीचा एकेक दाणा बोटानं ताटाच्या कडेला सारत होता. का रे, म्हटलं, तर म्हणाला, "सर, हाई दातम्हा अडकस." मी खाऊन पाहिलं. मटकी वरून शिजलेली, आत कचवट होती. मावशी सकाळी आल्यावर गरम पाण्यात भिजवत आणि आमच्या बोअरच्या जड पाण्यात ती शिजायला फार वेळ घेई. आदल्या दुपारी भिजवायला घालून रात्री फडक्यात बांधून ठेवायचं ठरलं, थंडीच्या दिवसांत गाठोडं चुलीजवळ. शिजवायला गावच्या टाकीचं पाणी आणलं. उसळ मऊ झाली, वर लसणाची फोडणी पडली आणि बादली हलकी झाली. मुलाचं नाक मुरडणं म्हणजे खोडी असं धरून चालू नका. आधी त्याच्या ताटातलं चाखा.

चवीबद्दल आपल्या भागाचं म्हणून थोडं सांगतो. घरी ठेचा आणि दादरची, म्हणजे आपल्याकडच्या ज्वारीची, भाकर खाणाऱ्या मुलाला फिकी खिचडी गळ्याखाली उतरत नाही, आणि पहिलीतल्या मुलाला तीच खिचडी तिखट केली तर पाण्यावर पाणी लागतं. स्वयंपाक मध्यम तिखटाचा करा. मोठ्या मुलांसाठी शेंगदाण्याची कोरडी चटणी वेगळ्या डब्यात ठेवा, ज्याला हवी तो मागेल. कांदा, लिंबाची फोड, उन्हाळ्यात कैरी, एवढ्यानंसुद्धा जेवणात जीव येतो. शासनानं दिलेल्या पाककृतींत मूगडाळ खिचडी, चवळी खिचडी, मटकीची उसळ, मूग-शेवगा आणि वरण-भात आहे. शेवगा, मेथी, पालक, वांगी परसबागेत सहज येतात. पाइपच्या सांडपाण्यावर वाढलेली मेथी मुलांनी स्वतः खुडून मावशींच्या परातीत टाकली की ती भाजी कुणी टाकत नाही, हे मी अनेक शाळांत पाहिलं आहे. बागेतली वांगी कुणाची यावरून वर्गावर्गांत भांडणं झालेली चालतील.

भात किती वाजता उतरतो हेही बघा. अकराला शिजवून एकला वाढलेल्या भाताचा गोळा होतो. मावशींना त्यासाठी रागावू नका. त्यांना घरी लवकर जायचं असतं, शेतात मजुरीला जायचं असतं. स्वयंपाकी आणि मदतनिसांचं मानधन २०२३ मध्ये १५०० वरून २५०० रुपये झालं, तेही महिन्याला. त्या पैशात त्या रोज दीडशे-दोनशे मुलांचं करतात. महिन्यातून एकदा मुख्याध्यापकांनी त्यांच्याबरोबर चहा घेऊन काय उरतंय, काय संपतंय, गॅस कुठे अडतो, हे विचारलं तर स्वयंपाकात फरक पडतो. मुलांनी त्यांना नावानं मावशी किंवा काकू म्हणून हाक मारावी आणि जेवून उठताना काय आवडलं ते सांगावं. "ए बाई" असं कुणी म्हणताना दिसलं तर तिथल्या तिथे थांबवा.

डबा आणणारी मुलं वेगळी का बसतात, याचा शोध तुम्ही हळूच पण नक्की घ्या. कधी कारण साधं असतं. आईनं शेवभाजी दिलेली असते आणि वाटून संपेल ही भीती असते, कुणाचा उपवास असतो, कुणाला पोटाचा त्रास असतो. पण गावात आणखी एक कारण असू शकतं आणि त्याबद्दल शिक्षकांनी मोकळेपणानं बोललं पाहिजे. स्वयंपाक कोणत्या जातीच्या बाईंनी केला, शेजारी कोण बसतो, यावरून घरून सूचना दिलेली असते. सर्वोच्च न्यायालयानं २००४ मध्येच स्वयंपाकी नेमताना दलित, अनुसूचित जाती आणि जमातींच्या लोकांना प्राधान्य द्यायला सांगितलं आहे. तेव्हा पालक तक्रार घेऊन आले तरी मावशी बदलायच्या नाहीत, यात तडजोड नाही. पालकांशी अदबीनं बोला, त्यांना शाळेत जेवायला बोलवा, आणि त्यांच्यासमोर तुम्ही स्वतः त्याच मावशींच्या हातचं, मुलांच्या पंगतीत बसून जेवा. भाषणापेक्षा यानं जास्त काम होतं. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीतही हे स्पष्ट मांडा.

मुलांच्या पातळीवर मी एकच नियम ठेवायचो: डब्यात काहीही असो, बसायचं एकाच पंगतीत. जागा रोज बदलायची. सोमवारी जन्ममहिन्यानुसार, मंगळवारी नावाच्या पहिल्या अक्षरानं, बुधवारी पहिलीचं मूल आणि सातवीचं मूल जोडीनं. मुलांना याची गंमत वाटते आणि कोण कुणाशेजारी हा प्रश्नच उरत नाही. एकटं बसणारं मूल, नुकतंच ऊसतोडीवरून परत आलेलं मूल, घरी पावरा आदिवासींची पावरी किंवा खानदेशातली अहिराणी बोलणारं आणि वर्गात गप्प असणारं मूल, अशांना या जोड्यांत बोलका सोबती मिळेल असं बघा. तुम्ही त्यांच्याशी त्यांच्या बोलीत दोन शब्द बोललात तर आणखी चांगलं.

शिट्टी कपाटात ठेवा आणि तिथे बसा. मुलांना वाढण्याआधी शिक्षकांसह मोठ्या माणसांनी अन्न चाखायचं हा नियमच आहे. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतलं अन्न खाऊन २३ मुलं दगावली. त्या बातमीनंतर तरी चव रजिस्टरवर नुसती सही करून कुणी मोकळं होऊ नये. वाढण्याआधी अर्धा तास नीट एक वाटी खा, आणि मग पंगतीत मुलांबरोबर थोडं घ्या. शिक्षक खुर्चीवर बसून बघत असले की मुलं जपून वागतात, मांडी घालून शेजारी बसले की गप्पा मारतात. सगळ्या शिक्षकांनी रोज बसायची गरज नाही. धान्य मोजणं, ऑनलाइन माहिती भरणं, नोंदवह्या, या सगळ्यात शिक्षकांनाही दुपारी श्वास घ्यायला हवा. पाळी लावा. रोज दोघं पंगतीत, बाकीचे मोकळे. ज्याला मुलांबरोबर बसायला आवडतं त्याच्यापासून सुरुवात करा.

मुलं बोलली तर बोलू द्या. जेवताना गप्प बसायचं हा दंडक घरीही आपण पाळत नाही. सुरुवातीला श्लोक किंवा प्रार्थना म्हणत असाल तर ती छोटी ठेवा. सगळ्यांना वाढून होईपर्यंत पहिल्या मुलाचा भात गार होऊन त्यावर माशा बसत असतील तर ओळीओळीनं सुरू करू द्या. आवाज फारच वाढला तर ओरडण्याऐवजी हात वर करा. हात वर दिसला की आपणही वर करायचा आणि गप्प व्हायचं, ही खूण मुलं दोन दिवसांत शिकतात.

खेळ आधी की जेवण आधी, हा प्रश्न तुमच्या मोठ्या मुलांच्या पळापळीशी जोडलेला आहे. जेवणानंतर खेळ असेल तर मुलं ताटावर बसल्या बसल्या मैदानाकडे बघतात. चौथीपासून वरच्यांना पंधरा मिनिटं खेळून मग जेवायला बसवलं की ती निवांत जेवतात, भूकही लागलेली असते. तुमच्याकडे बसायची जागा कमी असेल तर याचा दुहेरी फायदा होतो. लहान मुलं जेवतात तेव्हा मोठी खेळतात, मग अदलाबदल. पण वाढपी गटाची वेळ सांभाळावी लागते, आणि खेळून आल्यावर हात धुणं दुप्पट महत्त्वाचं. जुलै ते फेब्रुवारी हे चांगलं चालतं. मार्चपासून आपल्या जळगाव-धुळ्याच्या उन्हात भर दुपारी मुलांना मैदानावर सोडू नका. सकाळची शाळा सुरू झाली की जेवण थोडं अलीकडे घ्या आणि खेळ सकाळीच उरकून घ्या.

ताट धुण्याच्या जागी पुन्हा रांग लागते, तिथेही पाइप आणि दोन टब ठेवा. एका टबात खरकटं काढून बुडवायचं, दुसऱ्यात स्वच्छ पाण्यातून काढायचं, शेवटी पाइपखाली. पहिली-दुसरीची ताटं मोठ्यांनी धुवावीत. पावसाळ्यात पडवीत चिखल होतो तेव्हा वर्गातच जेवायला बसवा आणि प्रत्येक वर्गाचे दोन वाढपी ठेवा.

स्नेहभोजनाचा वापर करा, पण जपून. वाढदिवस, बारसं, नवी गाडी, अशा निमित्तानं गावातल्या माणसांना शाळेत काहीतरी द्यायचं असतं. जळगाव जिल्ह्यात केळीला तोटा नाही. थंडीत वांगी उत्तम असतात आणि कुणाच्या तरी शेतात काट्या-पऱ्हाट्यांवर (कपाशीच्या वाळक्या काड्यांवर) भाजून भरीत करायला गावकरी आनंदानं तयार होतात. आमच्याकडे एका वर्षी आयांनी घरून कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) भाकरी करून आणल्या होत्या, भरीत शाळेच्या अंगणात झालं आणि आयाही मुलांच्या पंगतीत बसल्या. त्यानंतर पालकसभेला येणाऱ्या बायकांची संख्या वाढली. दात्यांना दोन गोष्टी सांगा: पाकिटातले वेफर्स आणि रंगीत पाणी आणायचं नाही, आणि हात पसरलेल्या मुलांबरोबर फोटो काढायचा नाही. फोटो हवाच असेल तर सगळे एकत्र बसून जेवतानाचा काढा.

एवढं सगळं करूनही एखादं मूल रोज ताट सरकवून "माले नको" म्हणेल. त्याला चिकाटीनं बघा. तोंड उघडायला सांगून दात बघा, किडलेल्या दाढेनं कडधान्य चावताना जीव जातो. फेब्रुवारीतल्या जंतनाशक दिनी ते गैरहजर होतं का, ते रजिस्टरवर तपासा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं तेव्हा त्या मुलाचं नाव आधी लिहून ठेवा. कधी घरी भांडण असतं, कधी आई परगावी मजुरीला गेलेली असते. अशा मुलाला चार मुलांत विचारू नका. पंगत उठल्यावर त्याच्याबरोबर परसबागेत पाणी घालायला जा, ते आपोआप सांगतं.

सुरुवातीचा क्रम विचाराल तर असा ठेवा. या आठवड्यात फक्त घड्याळ लावून बघा. पुढच्या आठवड्यात हात धुण्याची सोय आणि पहिली-दुसरीला आधी सोडणं. ते बसलं की पंगत आणि वाढपी गट, त्याबरोबरच थोडं वाढून दुसरी फेरी. जागा बदलणं, खेळ-जेवणाचा क्रम, चटणी, परसबाग, हे त्यानंतर जमेल तसं. सगळं एकदम सुरू केलं तर शिक्षकच वैतागतात आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर पुन्हा रांग लागलेली दिसते. वाढपी गटाला शिकवायला तीन-चार दिवस द्या. पहिल्या दिवशी रिकाम्या बादल्या आणि रिकाम्या पळ्या घेऊन पंगतीतून फिरायला लावा, मुलं ते फार मन लावून करतात.

तुमच्या शाळेत नळ किती, टाकी जमिनीवर की गच्चीवर, आणि पडवीची लांबी साधारण किती पावलं, एवढं कळवलंत तर पाइप कुठून कसा न्यावा आणि पंगतीच्या ओळी किती बसतील ते नकाशा काढून सांगतो.